स्कूबा डायव्हिंग : प्रवाळातले मासे ओळखायला सुरुवात कुठून करावी?

बुडबुडा (धागाकर्ता)

मंडळी, स्कूबाचा पहिला कोर्स होऊन आता पाण्यात जरा स्थिरस्थावर झालोय. म्हणजे उगाच हात मारत नाही, हवा भसाभस संपत नाही आणि आजूबाजूला बघायला डोकं मोकळं असतं. पण बघायला लागल्यावर नवीच पंचाईत. प्रवाळावर एका वेळी इतके मासे असतात की नजर ठरत नाही. वर आल्यावर गाईड विचारतो, "काय काय दिसलं?" माझं उत्तर ठरलेलं : एक पिवळा, एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा. माशांच्या ओळखीचं जाडजूड पुस्तक आणलं, तर त्यात पिवळे आणि पट्ट्यांचेच पानंच्या पानं.

तर सुरुवात कुठून करावी? चित्रं पाठ करून उतरावं, की आधी बघावं आणि मग शोधावं? कॅमेरा न्यावा की पाण्याखाली लिहायची पाटी? आणि मुळात बघायचं काय, रंग, आकार की आणखी काही? पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांनीही लिहा, हा छंद त्याच जातकुळीतला वाटतोय.

टोमणेबाज

पिवळा, निळा आणि पट्ट्यापट्ट्यांचा. पुरे की एवढं. त्या माशाला तरी कुठे माहितीये स्वतःचं नाव.

मीनाक्षी

रंगापासून सुरुवात करू नका, एवढं सांगायला खास लॉगिन केलं. रंग फार फसवतो.

मुळात पाणीच फसवतं. लाल प्रकाश पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो. पाच-दहा मीटरवरच लालाचा काळपट तपकिरी होतो, त्याखाली नारिंगीही मावळत जातो. सोल्जरफिश पुस्तकात लालभडक दिसतो, कारण तो फोटो फ्लॅश मारून काढलेला. तुम्हाला वीस मीटरवर कपारीत दिसतो तो एक मळकट, मोठ्या डोळ्यांचा मासा. टॉर्च मारा, तोच लाल होतो.

मग वय. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं असतं, अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. मोठा झाला की निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघा आणि डोळ्यांवर काळी पट्टी. दोघांत काडीचं साम्य नाही. जुन्या काळी पिल्लाला वेगळी जात समजून शास्त्रीय नावही वेगळं दिलं गेलं होतं, म्हणजे पंडितांची ही गत, तर आपलं काय! स्वीटलिप्समध्येही तेच. हार्लेक्विन स्वीटलिप्सचं पिल्लू तपकिरी, त्यावर मोठे पांढरे ठिपके, आणि अंग वेडंवाकडं हलवत पोहणार. मोठा मासा पांढरट, त्यावर काळे ठिपके, आणि एका जागी शांत उभा.

नंतर लिंग. पोपटमाशांत लहान अवस्थेतले मासे करड्या-तपकिरी रंगाचे, आणि पुढे मोठे नर झाले की हिरवे-निळे-गुलाबी. त्यातले कितीतरी नर आधी मादी असतात. अँथियासमध्ये नारिंगी दिसतात त्या माद्या, जांभळट-गुलाबी तो नर, आणि नर मेला की एखादी मोठी मादी नर होते.

रात्र तर विचारूच नका. दिवसा निळे असणारे फ्युझिलियर रात्री लालसर होऊन कपारीत निजतात.

म्हणून आधी आकार, तोंड, पर आणि वागणूक. रंग सगळ्यात शेवटी.

श्वासमोजणी

+१. मीनाक्षी, सगळा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण नवशिक्याला रंगच आधी दिसतो ना? डोळा तिकडेच जातो.

मीनाक्षी

जाऊ दे की. फक्त तिथे थांबू नका. "पिवळा" म्हणून झालं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा : तोंड कसं आहे?

कल्ला

मीनाक्षीताईंशी शंभर टक्के सहमत. त्याला माझी थोडी पुरवणी.

जाती पाठ करू नका, कुळं पाठ करा. प्रवाळावर जे रोज दिसतं त्यातलं बहुतेक दहा-पंधरा कुळांत बसतं. कुळ कळलं की पुस्तकात सातशे पानांऐवजी दहा पानं चाळायची.

बटरफ्लायफिश : चपटे, जवळजवळ गोल, तोंड बारीक आणि पुढे आलेलं, बरेचदा जोडीने. सुमारे १३० जाती. एंजलफिश बांध्याने त्यांच्यासारखेच, म्हणून नवखे गोंधळतात. पण एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाला खालच्या बाजूला मागे वळलेला एक ठळक काटा असतो. तो दिसला की विषय संपला. बटरफ्लायला तो नसतो. मासा आडवा वळेपर्यंत थांबा, काटा कित्येकदा वेगळ्या रंगाचा असतो आणि लांबूनही कळतो.

सर्जनफिश : शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा. काहींत तो नारिंगी किंवा पिवळा. नुसती शेपटीची मुळी बघितलीत तरी कुळ हाती लागतं.

पोपटमासे आणि रॅस : हे दोघं छातीच्या परांनी पोहतात, शेपटी फक्त घाई असली की. चोच दिसली तर पोपट. आणि चोच दिसली नाही तरी ऐकू येते! खडक कुरतडल्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट येतो. मोठा पोपटमासा खाल्लेल्या खडकाची वर्षाला शेकडो किलो वाळू करून टाकतो.

गोटफिश : हनुवटीखाली दोन मिशा, वाळू चाळत फिरणार. ट्रिगरफिश : पाठीचा आणि पोटाचा पर लाटेसारखा हलवत जाणार, शेपटी नाममात्र. हॉकफिश : प्रवाळाच्या टोकावर बसलेला, पाठीच्या काट्यांच्या टोकांना बारीक झुपके. स्क्विरलफिश आणि सोल्जरफिश दोघेही मोठ्या डोळ्यांचे, लाल. त्यात गालावर लांब काटा तो स्क्विरल.

गर्दीच्या स्टेशनात ओळखीचा माणूस चेहरा दिसायच्या आधी चालीवरून कळतो, मासेही तसेच पोहण्यावरून कळायला लागतात. थोडा वेळ द्या, बस.

कोरडा_पाषाण

मी डायव्हिंग करत नाही, पोहता येतं तेवढंच. हे सगळं स्नॉर्केलिंगने जमेल का, की लांबूनच नमस्कार?

कल्ला

@कोरडा_पाषाण, जमेल म्हणजे काय, उलट बरं जमेल. उथळ पाण्यात उजेड भरपूर, रंग खरे दिसतात, हवेची चिंता नाही. बटरफ्लाय, सर्जन, डॅमसेल, रॅस, पोपट हे सगळे दोन-तीन मीटरमध्ये मुबलक. फक्त कपारीतले आणि वाळूत बसणारे वरून दिसत नाहीत.

टोमणेबाज

नाव बदलायला लागणार मग. ओला_पाषाण.

कोरडा_पाषाण

😀 विचार करतो.

फ्रेमबाहेर

कॅमेरा न्या. वाद संपला. पाण्यात ओळखायचा प्रयत्न कशाला? फोटो काढा, वर येऊन निवांत शोधा. आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकलात तर जाणकार ओळखूनही देतात. फोटो मात्र बाजूने काढा. समोरून काढलेला माशाचा फोटो म्हणजे निव्वळ डोळे आणि तोंड, ओळख काही पटत नाही. पाठीचा पर उभारलेला असताना मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि फ्लॅश किंवा टॉर्च नसेल तर मीनाक्षी म्हणतात ते, लाल रंग फोटोतही येणार नाही.

पाटीपेन्सिल

फ्रेमबाहेर, साफ असहमत, आणि हे मी कॅमेरा सोडून दिलेला माणूस म्हणून म्हणतोय. कॅमेरा हातात असला की माणूस मासा बघत नाही, स्क्रीन बघतो. फोटो मिळाला की पुढचा मासा. त्याने काय खाल्लं, कोणाला पळवून लावलं, कुठल्या भोकात शिरला, काही आठवत नाही. आणि ओळख त्याच गोष्टींत असते.

मी पाटी नेतो. अगदी ढोबळ मासा काढायचा, म्हणजे लंबगोल आणि शेपटी. त्यावर ठळक खूण कुठे आहे तेवढी लिहायची. "डोळ्यातून काळा पट्टा", "शेपटीच्या मुळाशी ठिपका", "पाठीवरून मागे दोरा". चित्र भिकार असलं तरी चालतं, किंबहुना माझी तशीच असतात. कागदावर उतरवायचं म्हटलं की डोळा आपोआप नेमकं शोधतो.

फ्रेमबाहेर

आणि लिहीपर्यंत मासा दुसऱ्या समुद्रात.

पाटीपेन्सिल

जात नाही. आपण त्याच्या मागे लागलो तर जातो. एका जागी स्थिर राहून श्वास संथ ठेवला की पळालेले मासे दोन-तीन मिनिटांत परत आपापल्या कामाला लागतात. बरेच प्रवाळमासे ठरावीक परिसर सोडून लांब जात नाहीत. पुढे पुढे पोहत राहिलात तर प्रत्येक मासा आयुष्यात एकदाच, तोही पळताना दिसणार.

श्वासमोजणी

दोघंही बरोबर आहेत असं म्हटलं तर दोघंही अंगावर येतील म्हणून काही म्हणत नाही.

टोमणेबाज

माझा मूळ मुद्दा तसाच आहे. नावं शिकून करायचं काय? समुद्र बघावा, मन रमवावं. यादी कसली करता? लोक डाइव्ह संपल्यावर बोटीवर बसून "मी अमुक बघितला, तू बघितलास का" करत राहतात. शाळेतली स्पर्धा पाण्याखाली नेली आहे.

वाळूचाकण

@टोमणेबाज, चिमटा बरोबर बसलाय, काही लोक तसे असतात खरे. पण यादीचा उपयोगही आहे, आणि तो मोठा आहे.

'रीफ' ही संस्था अमेरिकेत १९९० साली सुरू झाली. साधे हौशी डायव्हर त्यांच्यासाठी माशांची नोंद करतात. पद्धत इतकी सोपी की लाजच वाटावी : मनाला वाटेल तसं पोहायचं आणि खात्रीने ओळखलेली प्रत्येक जात लिहायची. आकडा मोजायचा नाही, चार गटांतला एक निवडायचा : एकच, २ ते १०, ११ ते १००, आणि शंभराच्या वर. खात्री नसेल तर लिहायचंच नाही. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या की कुठल्या खडकावर काय कमी झालं ते दिसायला लागतं.

दुसरी पद्धत 'रीफ चेक'ची, १९९६ पासूनची. त्यात १०० मीटरची दोरी टाकून २० मीटरचे चार तुकडे मोजतात, मध्ये ५-५ मीटर मोकळे. तिथे सगळ्या जाती यायची गरज नसते, ठरावीक निर्देशक मासे ओळखता आले की झालं : बटरफ्लाय, पोपट, हेकरूच्या कुळातले ग्रूपर, स्नॅपर, हम्पहेड रॅस वगैरे. बटरफ्लाय का? त्यातल्या अनेक जाती जिवंत प्रवाळाचे पॉलिपच, म्हणजे प्रवाळ घडवणारे बारके जीवच, खातात, प्रवाळ मेला की त्यांचं अन्नच संपतं. ग्रूपर का? मासेमारी वाढली की आधी तेच जातात.

आणखी एक उदाहरण. लायनफिश मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये तो फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये सापडला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. तिथे त्याला ओळखून कळवणाऱ्यांत डायव्हरच मोठ्या संख्येने होते. "एक पट्ट्यापट्ट्यांचा" असं कळवलं असतं तर?

टोमणेबाज

बरं. अर्धा मुद्दा मागे घेतो. बोटीवरच्या स्पर्धेबद्दलचा नाही घेत.

खोलउथळ

सगळे माशांत रंगलेत म्हणून जरा रसभंग करतो. मी लोकांना पाण्यात नेतो, त्यामुळे बोलायला हवं.

मासे ओळखायच्या नादात दोन गोष्टी हमखास होतात. एक, डोकं खाली आणि पाय प्रवाळावर. पायातल्या फिनचा एक फटका आणि कित्येक वर्षं वाढलेली फांदी खलास. दुसरं, हवा किती उरली ते दाखवणारं गेज बघायचं राहून जातं आणि बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, कुठे गेला ते कळत नाही. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न वर जाता स्थिर राहणं, हातात बसल्याशिवाय पाटी किंवा कॅमेरा घेऊच नका. आणि घेतलात तर दर थोड्या वेळाने गेज, बडी, खोली. सवयच लावून घ्या.

काही मासे तर सुरक्षिततेसाठी आधी शिका, मग हौसेचे. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असला की अंगावर येतो आणि चावतो. त्याचा इलाका घरट्यापासून वर वर रुंद होत जातो, म्हणून वर पळायचं नाही, आडवं दूर व्हायचं, फिन त्याच्याकडे करून. स्कॉर्पिअनफिश आणि स्टोनफिश दगडासारखे पडून असतात, पाठीच्या काट्यांत विष. म्हणून तळाला हात टेकायचाच नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पाणी भाजण्याइतकं नको, ४५ अंशांच्या खालीच.

मीनाक्षी

खोलउथळ, हे हवंच होतं. माझ्या ओळखीत ज्यांना मासे चांगले ओळखता येतात ते झाडून सगळे पाण्यात कमालीचे शांत असतात. ते काही उगाच नाही.

परातला_पर

अवांतर होईल, पण कोणी गोबी आणि ब्लेनीवर बोला ना. इतके बारके असतात की पुस्तकात बघूनही फरक लागत नाही.

कल्ला

अवांतर कसलं, हाच तर मलिदा!

गोबीला पाठीवर बहुतेक वेळा दोन सुटे पर, ब्लेनीला सलग एकच लांब. गोबी सरळ आडवा बसतो, ब्लेनी अंग वाकवून, डोकं वर करून. ब्लेनी भोकातून नुसतं तोंड बाहेर काढून इकडे तिकडे बघत असतो, चेहऱ्यावर कायम तक्रार.

आणि वाळूत गोबी दिसला तर लगेच पुढे जाऊ नका. काही जाती कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बिळातली वाळू बाहेर ढकलत राहते, गोबी दारात पहारा देतो, आणि बाहेर असताना कोळंबीची एक मिशी सतत गोबीला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो, कोळंबी आत. धोका वाढला की गोबीही आत. तुम्ही जरा लांब पोटावर तरंगत राहिलात तर पाचेक मिनिटांत दोघं परत कामाला. हात टेकायचा नाही, खोलउथळ बघताहेत.

खोलउथळ

बघतोय.

परातला_पर

__/\__ कल्ला, हे वाचूनच परत पाण्यात जावंसं वाटलं.

अनुस्वार

मूरिश आयडॉलबद्दल कोणीच बोललं नाही? पांढरा-काळा-पिवळा, पाठीवरून लांब पांढरी पताका. एका ठिकाणी बडीने हाताने खूण केली "मूरिश आयडॉल", वर आल्यावर दुसरा म्हणाला तो बॅनरफिश. दोघंही हट्टाला पेटले. कोण बरोबर?

मीनाक्षी

पताका दोघांनाही असते, म्हणून पताका सोडून द्या. शेपटी बघा. मूरिश आयडॉलची शेपटी काळी, बॅनरफिशची पिवळी. आयडॉलचं तोंड जास्त लांब आणि त्यावर पिवळा-नारिंगी डाग. आणि गंमत म्हणजे ते एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नाहीत. बॅनरफिश बटरफ्लायच्या कुळातला. आयडॉल, झँक्लस कॉर्न्यूटस, आपल्या कुळात एकटाच, आणि तो जवळचा आहे सर्जनफिशला.

आपल्याला वाटतं हजारो खुणा लक्षात ठेवायच्या. बहुतेक जोड्यांत एकच खूण पुरते, फक्त ती कुठली ते माहीत हवं.

अनुस्वार

शेपटी काळी होती. बडी जिंकला. त्याला सांगणार नाही.

बुडबुडा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आता एक कोडं टाकतो, माझ्याकडे फोटो आहे पण तो इथे चढेना, म्हणून वर्णन.

बोटभर लांबीचा मासा. अंग पांढरं, खालच्या अंगावर बारीक तपकिरी ठिपके. पाठीवरून खाली उतरणारे चार गडद पट्टे, मधले दोन खाली येताना निमुळते. शेपटी पिवळसर. दोन-तीन एकत्र, अगदी निवांत, घाई म्हणून नाही. पुस्तकात बघितलं तर ब्लॅक-सॅडल्ड टोबी, म्हणजे केंडाच्या कुळातला छोटा पफर. हुबेहूब. पण दोन पानं पुढे फाइलफिशमध्येही तेच चित्र! छपाईची चूक आहे का?

फ्रेमबाहेर

बघा, फोटो होता म्हणून कोडं तरी घालता आलं. 😉

पाटीपेन्सिल

पाटी असती तर कोडं पडलंच नसतं. 😉

कल्ला

बुडबुडा, छपाई बरोबर आहे. टोबीच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, त्याला खाणारे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. मिमिक फाइलफिशने, पॅराल्युटेरेस प्रिओन्युरसने, नेमका तोच वेष घेतलाय. पट्टे, ठिपके, एवढंच काय, पोहण्याची संथ ढबसुद्धा. कधी कधी तो टोबींच्याच घोळक्यात फिरतो.

आता फोटो काढा आणि पर बघा. शेपटीच्या जरा पुढे, पाठीवर आणि पोटाखाली एकेक पर असेल. तो अगदी लहान, एका जागी उगवल्यासारखा असेल तर टोबी. रुंद, शेपटीच्या दिशेने लांबवर चिकटलेला असेल तर फाइलफिश. पर पारदर्शक असतात, फोटो मोठा करून बघा.

बुडबुडा

मोठा करून बघितलं. दोघांचा पर छोटासा. तिसऱ्याचा लांब! पारदर्शक आहे, आधी दिसलाच नव्हता. म्हणजे दोन टोबी आणि एक सोंगाड्या?

मीनाक्षी

हो! आणि कित्येक जण बरीच वर्षं डाइव्ह करूनही त्याच्या शेजारून निघून जातात.

वाळूचाकण

सोंगांचा विषय निघालाच आहे तर क्लीनर रॅसचं सोंगही बघा. निळा-काळा पट्ट्याचा तो सडपातळ मासा, जो मोठ्या माशांच्या तोंडात शिरून परजीवी साफ करतो. त्याच्यासारखा दिसणारा एक ब्लेनी आहे, तो जवळ येऊन पराचा लचका तोडतो. रंग तोच, नाच तोच. फरक तोंडात : खऱ्या रॅसचं तोंड टोकाला, नकल्याचं खाली, नाकाच्या मागे. समोरून दिसत नाही, बाजूने बघा. आणि गिऱ्हाईक मासा दचकला तर समजायचं काहीतरी गडबड आहे.

टोमणेबाज

म्हणजे तिथेही आधार कार्ड बघून घ्यावं लागतंय.

श्वासमोजणी

मूळ प्रश्नाकडे : बुडबुडा, मग पुढच्या वेळी काय करणार, ठरलं का?

बुडबुडा

असं ठरवलंय. एका डाइव्हला एकच कुळ. पहिली बटरफ्लाय, कारण ते लपत नाहीत आणि जोडीने फिरतात. पाटी नेणार, कॅमेरा बडीकडे. (फ्रेमबाहेर, रागावू नका.) वाटेत बाकीचे दिसतीलच, पण लिहायचे फक्त ते. पट्टा डोळ्यातून जातो का, काळा ठिपका कुठे आहे आणि पाठीच्या परातून मागे दोरा निघतो का, एवढ्या तीनच खुणा.

मीनाक्षी

झकास. दोऱ्याची खूण चांगली आहे, मोठ्या थ्रेडफिन बटरफ्लायला तो असतो. दोऱ्याच्या जवळच पाठीवर काळा ठिपका बघा. मात्र तांबड्या समुद्रातल्या थ्रेडफिनला तो ठिपका बहुधा नसतो. पुस्तक कुठल्या समुद्राचं आहे ते बघूनच उघडत जा. आणि व्हॅगाबाँड बटरफ्लायलाही अंगावर दोन दिशांच्या तिरक्या रेघा असतात, तो थ्रेडफिनचा जुळा वाटतो, पण त्याला ना दोरा ना ठिपका.

अनुस्वार

एक बारीकसा प्रश्न. पाटीवर लांबीही लिहायची असते ना? मला सगळेच मासे अवाढव्य वाटतात.

वाळूचाकण

सगळ्यांनाच वाटतात. मास्कच्या सपाट काचेमुळे वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि चौथाई जवळ दिसते. पाटीच्या कडेला सेंटीमीटरच्या खुणा करून घ्या. पाटी माशाइतक्याच अंतरावर धरलीत की पाटीही तेवढीच मोठी दिसते, आणि हिशेब बरोबर येतो. मासा लांब असेल तर तो ज्या फांदीजवळून गेला ती फांदी मोजा.

पाटीपेन्सिल

आणि पेन्सिल दोरीने बांधा. सुटली तर तरंगत वर जाते आणि बोटीवरचे हसतात.